बोर्डावरचा माझा आवाज

“तिला काय इचारायचं, वहिनी? तिचं काई नसतं,” आत्या आईला म्हणाली आणि फडक्यानं कपबशा पुसू लागली.

मी आतल्या खोलीत साडीच्या निऱ्यांना पिन लावत होते. मध्ये फक्त पडदा होता. आत्या आदल्या दिवशीच निफाडहून आली होती आणि हे स्थळ तिनंच आणलं होतं. तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. ती माझं कौतुकच करत होती. पोरगी लय गुणाची हाय, इंग्लिश शाळेत शिकली तरी वर मान करून बोलत नाय, असं ती मुलाकडच्यांना आधीच सांगून आली होती.

बाहेरच्या खोलीत तिघे होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, मला बघायला आलेला मुलगा आणि त्याचा मोठा भाऊ. मुलगा नाशिकमध्येच एका सरकारी ऑफिसात कारकून होता. भाऊ नगरकडच्या साखर कारखान्यात नोकरीला. त्यांचे वडील वारले होते, त्यामुळे बोलायचं काम भावाकडे होतं. मी चहा नेऊन दिला आणि आत्यानं डोळ्यांनी दाखवलेल्या खुर्चीवर बसले.

“मुलगी काय करते?” भावानं अण्णांना विचारलं. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होते.

“टेलिफोनमध्ये आहे. ट्रंक ऑपरेटर,” अण्णा म्हणाले.

“म्हणजे दिवसभर बोलायचंच काम. इथं तर काही आवाज नाही.”

सगळे हसले. मुलगाही बशीकडे बघून थोडं हसला. मी साडीच्या काठाकडे बघत राहिले.

“आमचं एकच आहे बघा,” भाऊ म्हणाला. “आईला आता दिसत नाही नीट. घरात बाईमाणूस पाहिजे. आणि ही ड्युटी म्हणजे कधी सकाळची, कधी दुपारची. परक्या माणसांशी बोलणं, ते वेगळंच.”

“सोडेल की,” अण्णा म्हणाले. “त्याचं काही विशेष नाही.”

माझ्याकडे कुणी बघितलं नाही. थोड्या वेळानं आत्यानं खुणावलं, मी उठून आत गेले. चहाचे कप विसळले. बाहेर ते जायला निघाल्याचे आवाज आले, चपला, फाटक, “येतो मग.” त्या दिवशी मुलाचा आवाज मी ऐकला तो एवढाच: “येतो.” त्यानं माझा तेवढाही ऐकला नाही.

मला वाटलं होतं, मी काही बोलले नाही म्हणजे अजून काही ठरलेलं नाही. हे मला शाळेनं शिकवलं होतं. आमच्या शाळेत सिस्टर प्रश्न विचारायच्या, ज्या मुलीला उत्तर द्यायचं असेल ती हात वर करायची. जिनं हात वर केला नाही तिचं मत धरलं जायचं नाही, होकारातही नाही आणि नकारातही नाही. मी क्वचित हात वर करायचे. पण माझ्या गप्प राहण्याचा अर्थ तिथं कुणी लावत बसलं नाही.

घरी मात्र अर्थ लावला गेला, आणि तो मला दोन दिवसांनी कळला. आत्या निफाडला परत जायला निघाली होती. पिशवीत आईनं दिलेला चिवडा भरता भरता म्हणाली, “आता साखरपुड्याला येते. तारीख कळवतील ते.”

मी विचारलं, “कुणाच्या?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “आता गं बाई. तुझ्या.”

“पण मी हो कुठं म्हटलं?”

“पोरीनं तोंडानं हो म्हणायचं असतं का? काय बाजारात भाजी घेतीस का तू?” मग तिला माझी कीव आली असावी. ती जवळ येऊन बसली. “हे बघ. नसतं पसंत तर पोर रडती. आईच्या पदरात तोंड घालती. जेवत नाय. मग आई बापाला सांगती. तू तर त्या रात्री पिठलं-भाकरी खाल्लीस. वरनं भात घेतलास.”

ते खरं होतं. मला भूक लागली होती म्हणून मी जेवले होते. त्या जेवणानं माझं लग्न ठरलं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या घरातल्या, नात्यातल्या सगळ्या मुलींना ते न शिकवताच कळत होतं.

मी ज्या वयात ते शिकायचं, त्या वयात दुसरंच शिकत होते. अण्णा छापखान्यात नोकरीला होते. आम्ही नाशिक रोडला कॉलनीत राहायचो. कॉलनीतल्या मुली मराठी शाळेत चालत जायच्या, मी युनिफॉर्मची टाय लावून बससाठी उभी राहायचे. संध्याकाळी त्या लंगडी खेळायच्या. मी जवळ गेले की एखादी म्हणायची, “मॅडम आल्या,” आणि सगळ्या खूप नम्रपणे बाजूला व्हायच्या. शाळेतल्या मुली मे महिन्याच्या सुट्टीत कुठं कुठं जाऊन आल्याचं सांगायच्या. मी ऐकायचे. दोन्हीकडे मी ऐकायचेच. कॉलनीत म्हणायचे शिष्ट आहे, शाळेत म्हणायचे शाय आहे, आणि नातेवाईक म्हणायचे वळण चांगलं आहे. मी एकच होते.

अण्णांनी मला त्या शाळेत घातलं ते मुद्दाम. ते रविवारी विहारात वंदनेनंतर बोलायला उभे राहायचे. त्यांचं बोलणं ऐकायला शेजारच्या कॉलनीतले लोकही यायचे. मुलींना शिकवा, मुलींना बोलू द्या, आपल्या माणसांना कुणी बोलू दिलं नाही म्हणून इतकी वर्षं गेली, असं ते सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज भरून यायचा. मी पुढच्या सतरंजीवर बसलेली असायचे. मला त्यांचा अभिमान वाटायचा, अजून वाटतो.

पण त्याच अण्णांना मी मुकं झालेलंही पाहिलं होतं. तिसरीत असताना सिस्टरनी त्यांना ऑफिसात बोलावलं. सिस्टर इंग्रजीत बोलत होत्या. अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हातात टोपी धरून उभे होते. त्यांना सगळं कळत होतं की नाही, मला माहीत नाही. सिस्टरनी प्रश्न विचारला आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “माय फादर सेज ही विल हेल्प मी विथ रीडिंग.” अण्णांनी तसं काही म्हटलं नव्हतं. ते फक्त मान हलवत होते. घरी येताना बसमध्ये त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि आम्ही दोघं घरापर्यंत एक शब्दही बोललो नाही.

पुढं मी मोठी होत गेले तसं आमचं बोलणं आईमार्फत व्हायला लागलं. कधी सुरू झालं ते आठवत नाही. “तिला विचार, पगार झाला का.” “त्यांना सांग, झाला.” आम्ही तिघंही एकाच खोलीत असायचो.

नोकरी लागली ती माझ्या इंग्रजीमुळं. ट्रंक बोर्डावर मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही लागायचं. तेव्हा गावोगाव थेट फोन लागत नसे. आमच्याकडे कॉल बुक करायचा, मग आम्ही लाइन मिळवून जोडून द्यायचो. समोर उंच बोर्ड, त्यावर भोकांच्या रांगा, बारके दिवे, हाताखाली कॉर्ड. कानाला हेडफोन, ओठांसमोर माइक. पहिल्या दिवशी मी हेडफोन दोनदा काढून पुन्हा घातला. मग दिवा लागला, मी कॉर्ड खुपसली आणि म्हटलं, “नाशिक ट्रंक, बोला.”

तो आवाज माझाच होता, पण मी तो आधी ऐकलेला नव्हता. सरळ होता. घाबरत नव्हता. तिकडून मोठा व्यापारी ओरडला तरी तो म्हणायचा, “लाइन बिझी आहे, थांबावं लागेल,” आणि व्यापारी थांबायचा. कुणी म्हणायचं, “ए ऑपरेटर.” कुणी म्हणायचं, “मॅडम, आवाज फार गोड आहे तुमचा, नाव काय?” मी म्हणायचे, “नंबर सांगा.” मला चेहरा नव्हता, साडी नव्हती, कुणाची मुलगी म्हणून ओळख नव्हती. सुट्टी झाली की मी शालिमारच्या स्टॉपवर बस पकडायचे आणि बायकांच्या सीटवर खिडकीशी बसून नाशिक रोड येईपर्यंत तो आवाज हळूहळू माझ्यातून निघून जायचा. मी तिकीट मागितलं की कंडक्टर पुन्हा “काय? मोठ्यानं बोला,” म्हणायचा.

बोर्डावर मला बायकांचे कॉल आवडायचे. पी. पी. कॉल असेल तर ज्याच्याशी बोलायचं त्याचं नाव आधी सांगावं लागे. तो माणूस आला तरच कॉल लागे. गावाकडच्या बायका तिथंच अडायच्या. एकदा निफाडकडच्या एका पोस्टातून एका बाईनं मुंबईचा कॉल मागितला.

“कुणाला बोलवायचं?” मी विचारलं.

“आमच्या घरातल्यांना.”

“त्यांचं नाव सांगा.”

“आता बाई कसं सांगू? नाव घेत्यात का?”

“नाव नसेल तर तिकडचे लोक कुणाला बोलावतील? पोस्टातल्या कुणाला सांगायला सांगा.”

“समदे जेवाया गेल्यात. तुमीच घ्या की एखांदं.”

मी हसले. मग एक नाव घेतलं, ती म्हणाली नाय. दुसरं घेतलं. “तसलं जुनं नाय हो, आमचे तरणे हायेत.” तिसऱ्याला ती पटकन म्हणाली, “त्येच. बरुबर.” आणि लाजून हसली. मी तिच्या नवऱ्याचं नाव मुंबईच्या ऑपरेटरला सांगितलं, तिला लाइनवर घेतलं आणि बाजूला झाले. मला खूप वेळ बरं वाटत होतं. त्या आठवड्यात मी घरी कुणाशी याहून जास्त बोलले असेन असं वाटत नाही.

ही नोकरी सोडायची, असं अण्णांनी चहा पिता पिता सांगून टाकलं होतं. मुलाबद्दल माझी तक्रार नव्हती. त्याच्याशी लग्न केलंही असतं. पण बोर्ड सोडला तर त्या आवाजाचं काय होईल, ते मला दिसत होतं. तो दुसरीकडे कुठं निघत नव्हता. मला नकार द्यायचा होता तो एवढ्याचसाठी, आणि एवढंच सांगायला आमच्या घरात रीत नव्हती. रीत होती ती रडण्याची.

म्हणून मी आत्यानं सांगितलेलं करून बघितलं. एका संध्याकाळी ताटावर बसलेच नाही. आई म्हणाली, “कँटीनमधलं काहीतरी खाल्लं असशील,” आणि ओवा आणून दिला. मला रडू येईना. मी ओवा खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच तिला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, की मला नोकरी सोडायची नाही. ती पोळी लाटत होती, लाटणं थांबलं.

“त्यांना सांगते,” ती म्हणाली.

तिनं सांगितलंही. मी मोरीत कपडे भिजवत होते, मला ऐकू आलं. ती म्हणाली, “ती म्हणत होती, नोकरीचं जरा बघा.” अण्णा म्हणाले, “बघू.” मी “नाही” म्हटलं होतं. आईच्या तोंडून जाताना त्याचं “जरा बघा” झालं, आणि अण्णांपर्यंत पोचेतो त्यात काही उरलं नाही. तिनं मुद्दाम केलं नाही. तिला त्यांच्याशी तसंच बोलता येत होतं.

त्याच आठवड्यात दुपारच्या ड्युटीला माझ्या बोर्डावर दिवा लागला.

“नाशिक ट्रंक, बोला.”

तिकडून माणसानं त्याच्या ऑफिसचा नंबर सांगितला, आपलं नाव सांगितलं, आणि नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा कॉल मागितला. तो मला बघायला आलेला मुलगा होता. कॉर्ड माझ्या हातात तशीच राहिली. मग मी नंबर परत वाचून दाखवला, ऑर्डिनरी की अर्जंट ते विचारलं.

“ऑर्डिनरी चालेल. लवकर लागेल ना, ताई?”

“प्रयत्न करते. लागला की रिंग देते,” मी म्हटलं.

“थँक्यू, ताई.”

शेजारच्या खुर्चीवरच्या ऑपरेटरनं विचारलं, “काय झालं गं?” मी म्हटलं, काही नाही. मला हसू येत होतं. ज्याच्याशी माझा साखरपुडा ठरत होता, तो मला ताई म्हणत होता, आणि त्यात त्याची काहीच चूक नव्हती.

लाइन मिळाली, पण खराब होती. मध्येच तुटायची, पुन्हा जोडावी लागायची, त्यामुळे मला लाइन सोडून बाजूला होता येईना. भाऊ कारखान्यातून मोठमोठ्यानं बोलत होता. तारखेचं झालं, हॉलचं झालं.

“आणि नोकरीचं पक्कं आहे,” भाऊ म्हणाला. “तिच्या वडिलांनी शब्द दिलाय.”

“तिला कुणी विचारलं का पण?” मुलगा म्हणाला.

मी माइकवर हात ठेवला. माझा श्वास तिकडे जाईल असं मला वाटलं.

“पोरीला विचारायचं? तू खुळा का? बापाशी बोललोय ना मी.”

“नाही, म्हणजे ती बोलते का तरी? मी आवाजच नाही ऐकला. मुकी नाही ना, दादा?”

“मग तर सोन्याहून पिवळं,” भाऊ म्हणाला, आणि दोघं हसले. मुलाचं हसणं जरा उशिरा आलं आणि लवकर संपलं. ते मला नीट ऐकू आलं, कारण नेमकी तेव्हा लाइन स्वच्छ झाली होती.

वेळ संपली. मी म्हटलं, “तीन मिनिटं झाली. वाढवायचं आहे का?”

“नको ताई, झालं,” तो म्हणाला.

बोर्डावर ऐकलेलं बोर्डावरच ठेवायचं, असा आमचा नियम होता. तो मोडला तर नोकरी जाते, आणि जायलाच पाहिजे. त्यामुळे हे मी कुणाला सांगू शकत नव्हते. आईला नाही, आत्याला नाही, त्यालाही नाही. त्यानं विचारायचा तो प्रश्न विचारला होता, पण भावाला. माझ्याकडे उत्तर होतं, आणि मी त्या वेळी त्याच्या कानात होते.

ते पुन्हा आले तो रविवार होता. अण्णा विहारातून नुकतेच परतले होते, पांढऱ्या शर्टातच. आत्या सकाळच्या गाडीनं आली होती. या वेळी मला खुर्चीवर बसायला सांगितलं नाही. बघून झालं होतं. मी फक्त चहा न्यायचा होता.

मी वाक्य तयार केलं होतं. न्हाणीघरात, नळ सोडून, दोन-तीनदा म्हणून पाहिलं होतं, पण इंग्रजीत. इंग्रजीत ते सोपं होतं. तिथं मला फक्त मी आणि माझं म्हणणं लागत होतं. मराठीत म्हणायला गेले की आधी कुणाकडे बघायचं ते ठरवावं लागत होतं. भावाकडे बघून बोलले तर अण्णांना ओलांडून बोलले. मुलाकडे बघून बोलले तर निर्लज्ज. आईकडे बघून बोलले तर ते पुन्हा “जरा बघा” होणार. आणि इंग्रजीत बोलले असते तर सगळ्यांना माझी शाळा ऐकू आली असती, मी नाही.

मी ट्रे घेऊन पडद्यापाशी आले तेव्हा भाऊ विचारत होता, “राजीनाम्याचं कसं? महिनाभर आधी द्यावा लागत असेल.”

“देईल ती या आठवड्यात,” अण्णा म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते, पण त्यांच्या गुडघ्यावरचा हात हलत होता. सिस्टरच्या ऑफिसात टोपीवर हलत होता तसा. तेव्हा मला वाटलं, तेही कुणीतरी आपल्याऐवजी बोलावं म्हणून वाट बघताहेत की काय. तसं नसेलही. मला तसं वाटलं, एवढं खरं.

मी ट्रे टीपॉयवर ठेवला आणि आत गेले नाही. तिथंच उभी राहिले. आत्या पडद्यातून “चल” म्हणून खुणावत होती. भाऊ बोलायचा थांबला. मुलानं वर बघितलं.

पुढं जे झालं ते थोडक्यात सांगते. चहा झाल्यावर ते उठले. तारीख ठरली नाही, आणि त्यांच्याकडून पुन्हा निरोप आला नाही. जाताना मुलगा फाटकाशी क्षणभर थांबला, माझ्याकडे बघून काही म्हणणार असं वाटलं, भावानं हाक मारली आणि तो गेला. त्याला माझा आवाज ओळखू आला की नाही, मला कळलं नाही. आत्या वर्षभर आमच्याकडे आली नाही. अण्णा रागावले नाहीत, पण बरेच दिवस माझ्याशी आईमार्फतही बोलले नाहीत. आई ताट वाढायची, मी जेवायचे, आणि घरात भांड्यांचेच आवाज. रविवारी ते विहारात बोलायला उभे राहिले की मी मागच्या बाजूला बसायला लागले. कॉलनीत मला आता शिष्ट म्हणत नव्हते, दुसरं काहीतरी म्हणत होते. मी सकाळची बस पकडून ड्युटीवर जात होते. बोर्डावर दिवे लागत होते. एकटं वाटायचं, पण ते आधीसारखं एकटेपण नव्हतं. आता मी काय म्हटलं ते सगळ्यांना माहीत होतं.

त्या रविवारी ते मी अण्णांकडे बघून म्हटलं. फार मोठ्यानं नाही, पण खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू जाईल इतपत.

“अण्णा, मी राजीनामा देणार नाही. लग्न करायला माझी ना नाही, पण नोकरी सोडून नाही करणार. हे आईनं तुम्हाला सांगितलं असेल, पण मला ते तुम्हाला स्वतः सांगायचं होतं.”